सहा वाजताची ओळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

ठरलं एकदाचं! साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं — ऑफिस इंटरनेटला जोडायचं, याच महिन्यात. 'आता आपण साऱ्या जगाशी बोलणार!' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तिसऱ्या टेबलाखालचा वायरीचा जोड सैल झालाय, तो बदलायची परवानगी मी वर्षभर मागतेय. जग मात्र एका बैठकीत मंजूर!

काम अर्थात माझ्याच गळ्यात. बाहेरच्या कंपनीचा एक तज्ज्ञ येणार आहे मदतीला. म्हणजे मदत मीच करणार, तज्ज्ञ तो.

सहाला नेहमीसारखी सगळ्यांच्या पडद्यांवर ओळ पाठवली — सर्वर बंद होतोय, आवरा. एकेक जण बाहेर पडला. शेवटी गोदाम. तिथल्या अक्कांची ओळ आली: 'आवरलं. वाऱ्याने पत्रा वाजतोय. कान झाकून जा.'

कान झाकून आले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तज्ज्ञ आला. टाय घालून! आमच्या ऑफिसात, जिथे साहेबसुद्धा दुपारनंतर चपला काढून बसतात. त्याचं नाव दिवसभरात तीनदा ऐकलं, पण डोक्यात टायवाला हेच बसलंय.

मला 'मॅडम' म्हणतो. इथे मला सगळे नुसतं बाई म्हणतात. मॅडम म्हटलं की मागे कोणी उभं आहे का बघावंसं वाटतं.

माझं जाळं बघून तो हसला. तोंडावर हात ठेवून हसला, पण हसला. हसू दे. एकच काळी वायर, टेबलाटेबलाला टाके घालत तिन्ही मजले फिरलेली. कुठेही एक जोड निघाला की सगळंच ठप्प. मग चहूकडून हाका — 'बाई, गेलं!' — आणि मी टेबलांखाली रांगतेय. जुनं आहे, मान्य. पण ते कुठे दुखतं ते मला ठाऊक आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

टायवाल्याने गेटवे समजावला. एक वेगळा संगणक मधे ठेवायचा. एका बाजूला आमची काळी वायर, दुसऱ्या बाजूला बाहेरची लाईन. आमची मशीन एक भाषा बोलतात, इंटरनेट दुसरी. गेटवे दुभाष्याचं काम करणार आणि दारवानाचंही. यादीत नाव असेल त्यालाच जाऊ-येऊ देणार. पोरगा शिकवतो छान, हे कबूल करायला हवं.

मग त्याने विचारलं, 'मॅडम, हे रोज सहाला तुम्ही काय करता?'

सांगितलं. रात्रीसाठी सर्वर बंद करायचा, तर आधी सगळी मशीन बाहेर पडायला हवीत. एखादं आत राहिलं तर मालाची फाईल बिघडते. म्हणून सगळ्यांना ओळ पाठवायची. गोदाम गावाबाहेर, टेलिफोनच्या लाईनीवरून जोडलेलं. तिथल्या अक्का उलट ओळ पाठवतात — आवरलं. मगच मी बटण दाबते. ती लाईन दिवसभर मशीननेच धरलेली, त्यामुळे तिथे फोन लागत नाही. एवढी एक ओळ ये-जा करते. पडद्याच्या तळाशी येते, कुठलंही बटण दाबलं की नाहीशी. साठत कुठेच नाही.

'पण आवरलं एवढंच?'

एवढंच, म्हटलं. आता त्याला काय सांगणार!

त्यावर त्याने जे सांगितलं ते दिवसभर डोक्यात आहे. इंटरनेट आलं की सर्वर कधीच बंद करायचा नाही. संगणकावरचं टपाल रात्रीबेरात्री येणार. म्हणजे सहाची ओळ नाही. म्हणजे तिचं उत्तरही नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अक्कांची आजची ओळ: 'आवरलं. ट्रकच्या काट्यावर उभं राहून पाहिलं. काटा हललाच नाही.'

एकटीच हसले खुर्चीत. या वयात काट्यावर चढतात! कागदाच्या रिळांनी भरलेले ट्रक तोलणारा काटा तो, क्विंटलाखाली त्याला काही जाणवतच नाही. मी लिहिलं — माझ्यासारख्या जाडीला बोलवा, बघा कसा हलतो. उत्तर आलं, 'ये मग.'

गेल्या वर्षभरात अक्का फार मोकळ्या झाल्यात. पूर्वी दोन शब्दांवर तिसरा नसायचा.

शनिवार, ८ फेब्रुवारी

काही नाही. मोज्याला भोक.

रविवार, ९ फेब्रुवारी

दादाचा फोन. 'काय मग, ठीक?' ठीक. 'कंटाळा आला तर ये गं इकडे राहायला.' येईन, म्हणायच्या आत वहिनीला फोन दिला, वहिनीने गॅसवर काहीतरी ठेवलं होतं. तीन मिनिटांचा फोन, त्यात दोघांशी बोलून झालं!

आईची खोली आज झाडली. खाट तशीच आहे. गाद्या उन्हात घालायच्या म्हणते आणि राहून जातं.

ऑक्टोबरात आई गेली तेव्हा दादा-वहिनी आठवडाभर होते, मग त्यांना जावंच लागलं. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं — वय काय होतं, काय झालं होतं, फार हाल नाहीत ना झाले. विचारून आपापल्या टेबलाला गेले. चूक नाही त्यांची. सहाला अक्कांची ओळ आली, 'आवरलं. जेवलीस का?' मी लिहिलं, हो. खोटंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज खोटं लिहायची लाज वाटायला लागली, म्हणून घरी येऊन कुकर लावायला लागले.

या बाईला मी आयुष्यात एकदाच भेटलेय. लाईन जोडायला गेले होते तेव्हा. बारीक चण, चष्म्याची जाड काळी फ्रेम, डबा निम्मा माझ्यापुढे सरकवला होता. पुन्हा जायचं जायचं म्हणत राहिले. आधी आईचं आजारपण होतं. नंतर कसलंच कारण नव्हतं, तरी गेले नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अक्कांना आज लिहिलं — आता सर्वर बंद होणार नाही, आपली सहाची ओळ संपली म्हणा!

मग: 'तरी लिहायला काय हरकत आहे?'

खरंच की! टायवाल्याला विचारलं. तो म्हणाला, गोदामाची लाईनही आता गेटवेतूनच येणार, यादीत निरोपांच्या रकान्यात गोदामापुढे खूण केली की झालं. 'एक खूण, मॅडम!' पोराच्या टायवर आजपासून बोलणार नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गोदामाच्या मशीनमध्ये नवं कार्ड बसवायला कोणीतरी जायला हवं. टायवाल्याला धुळीचं वावडं. 'मॅडम, तुम्हीच...?' मी आढेवेढे घेतल्याचं नाटक केलं. मनातून उड्या!

अक्कांना काही कळवलं नाही. सोमवारी एकदम समोर जाऊन उभी राहणार.

रविवार, १६ फेब्रुवारी

साडीला इस्त्री केली. मग दुसरी काढून तिला केली. काय चाललंय माझं! जायचंय गोदामात, बसायचंय धुळीत.

आईचा लोकरी स्वेटर धुऊन ठेवला होता, तो पिशवीत घातला. अक्का रोज थंडीचं लिहितात. आईला आवडलं असतं, कपाटात पडून राहण्यापेक्षा. बिस्किटांचा पुडाही घेतला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

बसने शेवटच्या थांब्यावर उतरले, पुढे चालत. फाटकाशीच काट्याची केबिन, तीन बाजूंना काच. आत एक बाई. चाळिशीची असेल. मरून स्वेटर, त्याची दोन बटणं वेगळी. मला बघून ताडकन उठली. 'तुम्ही वरच्या ऑफिसातल्या बाई ना?'

हो म्हटलं. अक्का कुठे आहेत?

'बसा ना आधी.'

अक्का कुठे आहेत?

ती माझ्याकडे न बघता की-बोर्डवरची धूळ पुसायला लागली. 'अक्का गेल्या. मागच्या मे महिन्यात. झोपेतच.'

मी म्हटलं, शुक्रवारी तर त्यांची ओळ आली मला. असं म्हटलं मी! मूर्खासारखं. आणि म्हणतानाच सगळं लक्षात आलं.

तिने सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत आठवतंय. गोदाम ठेकेदाराचं, माणसं त्याची, त्यामुळे वरच्या ऑफिसला कोणी कळवलं नाही. अक्कांना दम लागायला लागला तेव्हा त्यांनीच तिला मशीन शिकवलं. 'म्हणाल्या, सहाला वरून ओळ येते, तिला उत्तर टाकायचं. नाहीतर ती बाई तिथेच बसून राहील, घरी जाणार नाही.' अक्का गेल्यावर पहिल्याच दिवशी ती मला सांगणार होती. तोवर माझी ओळ आली — अक्का, पाठ कशी आहे? 'मला सांगवेचना. बरी आहे, असं लिहून टाकलं.'

आणि नंतर?

'नंतर लाज वाटत गेली.'

मशीन उघडलं, कार्ड बसवलं. स्क्रू खाली पडला. तिने टेबलाखाली वाकून बॅटरीने शोधून दिला. पडद्यावर 'तू, तू', आणि समोर 'तुम्ही, तुम्ही'! दारापर्यंत आली. 'मी लबाडी म्हणून नाही हो केलं.' मी म्हटलं, कार्ड नीट बसलंय, उगाच बंद-चालू करू नका.

स्वेटर तसाच पिशवीतून परत आला. बिस्किटंही. बसमध्ये एकटीने अर्धा पुडा खाल्ला, भूक नसताना.

अक्का मेल्या आणि मी त्यांना पाठदुखी विचारत होते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अजून संतापच आहे. आईचं, दादाचं, माझ्या गुडघ्यांचं — सगळं सगळं सांगितलं मी! कोणाला? एका अनोळखी बाईला. ती तिथे बसून हसतही असेल. नसेलही. पण मला काय ठाऊक?

सहाला ओळ पाठवली. 'आवरलं. रागावलात?' असं आलं. कुठलंसं बटण दाबून टाकलं. ओळ गेली. सर्वर बंद केला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

गेटवेची यादी भरली. एकेका मशीनचं नाव, पुढे रकाने — फाईल, छपाई, बाहेरचं टपाल, निरोप. गोदामाला फाईल दिली, छपाई दिली.

टायवाला मागे उभा होता. 'मॅडम, निरोपाची खूण राहिली. तुम्हाला हवी होती ना?'

नको, म्हटलं. कामाचं नाही ते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चालू झालं! एकदाही न रडता. खरं तर पहिल्यांदा चाललंच नाही. दोन तास टायवाला घामाघूम, टाय खिशात. मग मी त्याला तिसऱ्या टेबलाखालचा जोड दाखवला. तो दाबून धरल्यावर चाललं. आता तरी बदलतील.

साहेबांना पहिलं टपाल पाठवायचं होतं. पण पाठवायचं कोणाला? इंटरनेटवर ओळखीचं कोणीच नाही! शेवटी टायवाल्याच्या पत्त्यावर पाठवलं, जो शेजारच्याच खुर्चीत बसला होता. त्याने तिथूनच 'पोचलं!' म्हणून ओरडून सांगितलं. पुन्हा टाळ्या.

प्रत्येकाला पत्ता मिळाला. मलाही. छान कागदावर छापून दिलाय. खूप वेळ बघत बसले. लिहू कोणाला? दादाकडे संगणक नाही. आणखी नाव आठवेना.

सहा वाजले. सगळे आपापले उठून गेले. कोणाला आवरा म्हणायचं नव्हतं. पर्स उचलली आणि मीही निघाले.

रविवार, २३ फेब्रुवारी

दादाचा फोन आला नाही. मीही केला नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

गेटवेच्या तोंडावर दिवे आहेत. काही आत गेलं-आलं की हिरवा, काही अडवलं की लाल. आज निघताना आतल्या बाजूचा लाल एकदा लागला, गेला. बाहेरच्या बाजूला लागतो अधूनमधून, कोणीतरी चाचपडत असतं म्हणे. पण आतल्या बाजूला का? सगळी आपलीच मशीन, सगळी यादीत.

वायर तपासली. ठीक आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दिवसभरात कोणी हाक मारली नाही. 'बाई, गेलं!' असं एकदाही नाही. जोड बदलल्यापासून काही जातच नाही. सगळे पडद्यात डोकं घालून. मला काम नाही, म्हणून गेटवे पुसला.

निघताना पुन्हा तोच लाल. एकदाच.

बुधवार, २६ फेब्रुवारी

टायवाल्याला फोन केला. 'आतून कोणीतरी काही पाठवतंय आणि आपला गेटवे अडवतोय. यादीत खूण नसेल. पाठवणाऱ्याला काही कळत नाही, त्याला वाटतं पोचलं. सोडून द्या, मॅडम.'

संध्याकाळी वेळ साधून पाहिलं. सहाला लागतो. सहालाच.

गेटवेसमोर तशीच उभी राहिले. साफसफाईवाली विचारून गेली, बरं वाटत नाही का?

गोदाम. निरोपाची खूण. कोणी विचारत नाही, वरून ओळ जात नाही, सर्वर बंद व्हायचा नाही — तरी ती बया रोज सहाला ओळ पाठवतेय! तिला वाटत असेल की मी वाचते आणि उत्तर देत नाही. आणि त्या ओळी साठतही नाहीत कुठे. काय लिहिलं होतं ते मला कधीच कळणार नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज ऑफिसला गेले नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं.

आईच्या गाद्या उन्हात घातल्या एकदाच्या. त्या उलटताना एकदम डोक्यात आलं. इतके दिवस कसं आलं नाही देव जाणे, रागात बुडाले होते म्हणून असेल.

अक्का मे महिन्यात गेल्या. आई गेली ऑक्टोबरात.

म्हणजे 'जेवलीस का' अक्कांनी विचारलंच नव्हतं. अक्का तेव्हा नव्हत्याच. दादाने विचारलं नाही, ऑफिसात कोणी विचारलं नाही. त्या काचेच्या केबिनमधल्या, दोन बटणं वेगळी असलेल्या बाईने विचारलं. रोज विचारलं. आणि काट्यावरही तीच चढली होती. अक्का मोकळ्या झाल्यात म्हणून मी खूश होते, ती सगळी हीच होती की!

आणि मी तिच्या तोंडावर म्हटलं, उगाच बंद-चालू करू नका.

खूप रडले. आईसाठी, अक्कांसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीच जास्त. तिचं नावसुद्धा विचारलं नाही मी. स्वेटर अजून पिशवीतच आहे. बटणं सगळी एकसारखी आहेत त्याची.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी आल्या आल्या खूण केली. संध्याकाळची वाट बघत बसले. सहाला आधी मीच पाठवली — सर्वर आता बंद होत नाही. तू जेवलीस का?

लाल लागला नाही. हिरवा लागला.

'नाही अजून. रविवारी ये. काट्यावर दोघी उभ्या राहू, एकटीला हलत नाही तो.'